डिकीतला अर्थ

बॅटरी पुढून उचलून मागे डिकीत न्यायची, एवढंच काम होतं. पण 'एवढंच' म्हणून सुरू होणारी कामं माणसाला घाम फोडल्याशिवाय सोडत नाहीत, हे वायरिंगवालीला पक्कं ठाऊक होतं. गल्लीत तिला सगळे वायरिंगवालीच म्हणायचे. गाडी बंद पडली असेल तेव्हा जरा आदरानं म्हणायचे, चालू असेल तेव्हा नुसतंच म्हणायचे.

या खेपेला गाडी गिऱ्हाइकाची नव्हती, तिची स्वतःची होती. गाडी जुनी आणि एवढीशी, पण वायरिंगवालीनं तिच्यात एका ठोकलेल्या मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. ते इंजिन पाहुणा म्हणून आलं आणि घर बळकावून बसलं. बॅटरीला पुढे जागाच उरली नाही. मग तिनं ती धुराच्या नळीशेजारी कोपऱ्यात कशीबशी पट्टीनं आवळून टाकली होती, आणि तिथंच घोडं अडलं होतं.

गावाबाहेर टेकडी होती. तिच्यावर चढणाऱ्या नागमोडी रस्त्यावर दरवर्षी गाड्यांची शर्यत व्हायची. एकेक गाडी खालून सुटायची आणि वर पोचेपर्यंतची वेळ मोजली जायची. वायरिंगवालीनं सुधारून दिलेल्या गाड्या तिथं दोनदा पहिल्या आल्या होत्या. ती स्वतः मात्र एकदाही चढली नव्हती. दोन वर्षं नाव घातलं आणि दोन्ही वर्षं तपासनिसानं बॉनेट उघडून, बॅटरीकडे बोट दाखवून तिला घरी पाठवलं. "एवढ्या गरम नळीशेजारी बॅटरी? गाडी चालवायचीय की चूल पेटवायचीय?" असं तो चारचौघांत म्हणाला होता, आणि वाईट म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर होतं. वर त्यानं हेही सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा परत जावं लागलं तर पुढे नाव घ्यायचं नाही. ही तिसरी वेळ होती, आणि तपासणी उद्या सकाळी होती.

तिला ती टेकडी का चढायची होती, असं कुणी विचारलं तर ती खांदे उडवायची. खरं कारण साधं होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून दिल्या, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि मागे उभी राहून धूर खाल्ला. एकदा तरी आपण पुढे असावं आणि धूर दुसऱ्या कुणीतरी खावा, एवढीच तिची इच्छा होती.

तिचं दुकान घराच्या तळमजल्यावर होतं, आणि ते खरं म्हणजे तिचं नव्हतं. ते सासऱ्यांचं. सासरे पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं आणि सासूबाईही 'अहो पेंटर' अशीच हाक मारायच्या. मग मशीनवर छापलेले फलक आले, आणि पेंटरचं काम हळूहळू आटत गेलं. शेवटी त्यांनी ब्रश धुऊन रंगांच्या झाकणबंद बाटल्यांसकट डब्यात घातले, डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि सुनेला म्हणाले, "जागा रिकामी ठेवून काय उंदीर पाळायचेत? तू बस इथं." एवढं बोलून ते जिना चढून वर गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी दुकानाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दारापर्यंत यायचे, चौकटीला हात लावून उभे राहायचे, "चहा ठेवलाय वर," म्हणायचे आणि परत जायचे. हात थरथरतो आता, असं सांगायचे. थरथरत होताही. कप बशीवर वाजायचा.

आपण या माणसाच्या जागेवर बसलोय, हे वायरिंगवालीच्या मनातून कधी गेलं नाही. नवरा बोटीवर नोकरीला, अर्धं वर्ष पाण्यावर. घरात राहिले तिघं. सासूबाईंचं तोंड अखंड चालायचं, त्यामुळे तिचं आणि पेंटरचं बोलणं किती कमी आहे ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

तर त्या दिवशी सकाळी तिनं डिकी रिकामी केली. डिकीच्या तळाखाली बहुतेक ठिकाणी पेट्रोलची टाकी होती. भोक पाडायला धोका नसलेली जागा उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी. तिथं तिनं ड्रिल मारलं आणि भोकाभोवतीचा रंग घासून पत्रा चकचकीत उघडा केला. हे घासणं फार महत्त्वाचं. वीज बॅटरीतून निघते ती जाड लाल वायरीनं पुढे इंजिनाकडे जाते, आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. अर्थाची काळी वायर पत्र्याला नटबोल्टनं घट्ट आवळायची असते, आणि मधे रंगाचा पापुद्रा जरी राहिला तरी वाट बंद. दुकानात तिचं रोजचं वाक्यच होतं, पत्रा उघडा असल्याशिवाय अर्थ लागत नाही.

तिला एक सवय होती. कुठं काय येणार ते ती जागच्या जागी खडूनं लिहून ठेवायची. त्याप्रमाणे तिनं त्या उघड्या पत्र्यावर, भोकाच्या खाली, खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: अर्थ. मग लाल वायर मागून पुढे अंथरून बघितली, तर ती वीतभर कमी पडली. गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवी आणणं आलं.

दारात पेंटर उभे होते. "चहा ठेवलाय वर."

"बाबा, वायर आणायला जाते. गाडी अशीच उघडी आहे. जरा बघाल?"

"बघतो की," पेंटर म्हणाले.

बघाल म्हणजे लक्ष ठेवाल, असं तिला म्हणायचं होतं. पण पेंटरनी आयुष्यात नुसतं बघण्याचं काम कधी केलं नव्हतं.

वायरवाला जेवायला गेलेला. तो आला, मग त्याची ढेकर आली, मग वायर आली. वायरिंगवाली परतली तेव्हा दुपार कलली होती. गल्लीत शिरतानाच तिला दिसलं की गाडी दुकानाबाहेर ढकललेली आहे आणि तिचं ढुंगण उन्हाकडे केलेलं आहे. आत, दुकानाच्या आत, तिच्या स्टुलावर पेंटर बसले होते. वरच्या फळीवरचा डबा त्यांच्या मांडीवर होता आणि ते ब्रश पुसत होते. शेजारी उपड्या बादलीवर सासूबाई बसल्या होत्या, आणि विशेष म्हणजे गप्प होत्या.

"बघ," पेंटर म्हणाले. "डिकीत बघ."

तिनं खांद्यावरची वायर उतरवली आणि वाकून बघितलं.

तिनं घासलेल्या त्या जागेवर आता पिवळी जमीन होती. अगदी काटेकोर चौकोन, कडेला बारीक काळी रेघ. आणि त्यावर लालभडक रंगात 'अर्थ'. अक्षरांना काळी सावली, सावलीच्या उलट बाजूला पांढऱ्या उजेडाची फट. अक्षरं पत्र्यावरून उठून बाहेर येतील अशी. 'थ' चं पोट कसं गुबगुबीत, 'अ' ची कंबर कशी बारीक. गावातल्या जुन्या दुकानांवर अजून कुठंकुठं दिसणारं तेच अक्षर, रंग मात्र ताजा.

"भोक मधे येत होतं," पेंटर सांगू लागले, आणि इतकं लांबलचक ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "म्हटलं आता काय करावं? मग रफारच भोकाभोवती फिरवला. बघ, भोकावर छत्री धरल्यासारखा बसलाय की नाही? तू खडूनं आखून ठेवलं होतंस, म्हणून धीर केला. खडू दिसला की त्यात रंग भरायचा, दुसरं येतंय काय मला? तुझं अक्षर मात्र, राग मानू नकोस, औषधाच्या चिठ्ठीवरचं वाटतं. आणि पत्रा असा उघडा कशाला ठेवलास? गंजला असता. आधी प्राइमर मारला. दोन हात."

"दोन हात," ती म्हणाली.

"आणि हात हलला नाही गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "ब्रश टेकेपर्यंत थरथरत होता. टेकला आणि थांबला. मी इथंच बसून बघितलंय."

पेंटर आपल्या हाताकडे बघत होते. रस्त्यात कुणी जुना मित्र भेटावा तसं हसू त्यांच्या तोंडावर होतं.

"फार सुंदर झालंय बाबा," वायरिंगवाली म्हणाली. ते खरंच होतं. बाकीचं तिनं गिळलं.

आता अर्थ लावायचा कुठं? दुसरीकडे भोक पाडावं तर खाली टाकी. गाडीखालून लावावा तर वायर दगडाधोंड्यांत लोंबणार, आणि तपासनिसाला तेवढंच निमित्त पुरे. घासून टाकावं तर... तिनं पेंटरकडे बघितलं. ते डब्यातून अजून एक जुना ब्रश काढून त्याचे केस मोजल्यासारखे निरखत होते. घासण्याचा विचार तिनं तिथंच सोडला. बोल्ट तर पत्र्यातून आरपार जातोच, तेवढ्यानं भागेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ही समजूत दुसऱ्या कुणी घातली असती तर तिनं त्याला दुकानातून हाकललं असतं.

मग ती कामाला लागली. बॅटरी झाकणाच्या पेटीत बसवली, पेटीची वाफ बाहेर जायला नळी काढली, लाल वायर गालिच्याखालून पुढे नेली, मधे फ्यूज टाकला, आणि अपघात झाला तर बाहेरून वीज तोडता यावी म्हणून मागच्या काचेखाली मोठं बटण बसवलं. सगळं कसं शिस्तीत. शेवटी काळी वायर. तिच्या टोकाचं कडं तिनं भोकावर ठेवलं, अलगद, रफाराला ओरखडा येऊ नये अशा बेतानं, आणि बोल्ट आवळला. पेंटर मान वाकडी करून बघत होते.

किल्ली फिरवली. दिवे लागले, पण मरगळलेले. इंजिनानं 'टक' केलं आणि गप्प बसलं.

पुन्हा किल्ली. पुन्हा टक.

"बॅटरी उतरली असेल," ती म्हणाली. बॅटरी कालच भरलेली होती. तिनं फ्यूज बघितला, लाल वायरीची दोन्ही टोकं बघितली, बटण उघडून परत लावलं, पुढे जाऊन इंजिनाला पत्र्याशी जोडणारी पट्टी हलवली. रोग कुठं आहे ते ठाऊक असलेला वैद्य बाकी सगळं अंग तपासत होता. पुन्हा टक.

"आता कसं गं व्हायचं? उद्या सकाळी तर जायचंय," सासूबाईंनी सुरू केलं. "मी म्हणतच होते, ती बॅटरी बिचारी पुढे होती तर पुढे राहू द्यायची. माणसाचं काळीज काढून कुणी पाठीत बसवतं का? मग टकटकच करणार ते—"

"थांब जरा," पेंटर म्हणाले. ते स्टुलावरून उठले आणि डिकीपाशी आले. "सूनबाई, एक विचारू? तू गाडीतला प्रत्येक सांधा हात लावून बघितलास. माझ्या पाटीपाशी मात्र येतेस आणि नजर उचलून पुढे नेतेस. मघापासून बघतोय. गिऱ्हाइकाला पाटी आवडली नाही की ते असंच करतं."

"आवडली बाबा. शपथ."

"मग?"

खोटं बोलायचं तर तिला जमत नव्हतं आणि खरं बोलायला जीभ उचलत नव्हती.

"माझा रंग आडवा येतोय का?" पेंटरनी विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि मग भडाभडा बोलली. "अर्थाला उघडा पत्रा लागतो. रंगातून वीज जात नाही. मी खडूनं लिहिलं ते वायर कुठं लावायची ते लक्षात राहावं म्हणून. चूक माझी आहे, मी नीट सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या वर्षांनी आत आलात, आणि इतकं सुंदर लिहिलंत, आणि मला ते घासायचं नव्हतं. नाही घासणार मी. शर्यत गेली खड्ड्यात."

मग पेंटर हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला येईपर्यंत हसले.

"म्हणजे मी अर्थ लिहिला आणि अर्थच घालवला! अगं, जन्मभर पाट्या लिहिल्या तशा जन्मभर घासल्याही. दुकान बदललं की पाटी घासायची. भागीदार भांडले की अर्धी घासायची. पेंटरला पाटीचं दुःख नसतं. काम मिळालं नाही तर असतं. काढ ती वायर. किती जागा लागेल?"

"वायरीच्या कड्याएवढी. जास्त नाही."

तिनं कडं सोडवलं. पेंटरनी भेगा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची पातळ पत्ती डब्यातून काढली. तिला वाटलं आता हात थरथरेल. नाही थरथरला. भोकाभोवती त्यांनी गोल कापला, तेवढाच रंग पापुद्र्यासारखा उचलला, खालचे प्राइमरचे दोन हात उचलले आणि पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख केला. फुंकर मारली. मग मागे सरून, डोळे बारीक करून बघितलं.

सासूबाई वाकून वाचू लागल्या. "अ... थ. अहो पेंटर, रफार गेला की! अर्थाचं अथ झालं."

"होऊ दे," पेंटर म्हणाले. "अथ म्हणजे सुरुवात. जुनी पुस्तकं 'अथ' लिहूनच सुरू व्हायची. आवळ गं वायर."

वायर आवळली आणि किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की सासूबाई बादलीवरून उठून उभ्याच राहिल्या. त्या काहीतरी बोलत होत्या. ते पहिल्यांदाच कुणाला ऐकू आलं नाही.

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. पेंटर आणि सासूबाई मागच्या सीटवर बसून आले होते. पेंटरच्या मांडीवर तो डबा होता. "शर्यतीला डबा कशाला?" असं सासूबाईंनी वाटेत विचारून घेतलं होतं, आणि "काल उघडला, आता बंद करवत नाही," असं उत्तर मिळालं होतं.

तपासनीस आला. तोच. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची जुनी जागा बघितली, ती रिकामी बघून 'हं' केलं. डिकी उघडली. पेटी हलवून बघितली, हलली नाही. नळी बघितली, फ्यूज बघितला, अर्थाचा बोल्ट ओढून बघितला. 'अथ' वर त्याची नजर जरा रेंगाळली आणि पुढे सरकली. वायरिंगवालीनं मघापासून धरून ठेवलेला श्वास सोडायला सुरुवात केली.

"वीज तोडायचं बटण?"

"हे इथं, काचेखाली."

"चिन्ह कुठंय?"

तिचा श्वास अर्ध्यावर थांबला. चिन्ह. पांढऱ्या काठाचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज, म्हणजे गाडी उलटली तर धावत येणाऱ्याला बटण कुठं आहे ते लांबून कळावं. त्याचं छापील स्टिकर तिनं वायरीबरोबरच विकत घेतलं होतं. ते पिशवीत होतं, आणि पिशवी दुकानात खिळ्याला अडकवलेली होती. कालच्या गडबडीत ती साफ विसरली होती.

"घरी राहिलं," ती म्हणाली.

"मग गाडीही घरीच न्या," तपासनीस म्हणाला आणि कागदावर पेन टेकवलं. "चिन्ह नाही तर गाडी नाही. आपण तिसऱ्यांदा भेटतोय ना?"

सगळं करून, सगळं नीट करून, एका स्टिकरवरून!

"साहेब," मागून आवाज आला. पेंटर दार उघडून खाली उतरत होते, मागोमाग सासूबाई. "चिन्ह छापीलच पाहिजे, असं आहे का?"

तपासनिसानं जरा विचार केला. "दिसायला पाहिजे. नियमात एवढंच आहे."

"मग रांगेतली पुढची गाडी बघून या. तोवर झालेलं असेल."

डबा उघडला. भोवती ड्रायव्हर जमले, मेकॅनिक जमले. पेंटरनी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला, आणि इतकी माणसं बघत असताना त्यांचा हात असा थरथरायला लागला की थेंब बुटावर पडले. सासूबाईंनी तोंडावर हात धरला.

वायरिंगवाली पुढे झाली. "बाबा, हात धरू?"

"हात नको," पेंटर म्हणाले. "डबा धर."

तिनं डबा धरला. ब्रश पत्र्याला टेकला, आणि थरथर थांबली. पांढरा त्रिकोण एका दमात आला. त्याच्या पोटात निळा भरला. मग बारीक ब्रशनं लाल वीज काढली, तिरपी, टोकदार, आता कडाडेल अशी. ती डबा धरून उभी होती आणि तिला रडू येत होतं आणि हसूही. या माणसाच्या जागेवर आपण बसलोय असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज ती त्यांच्या शेजारी डबा धरून उभी होती, आणि ती जागा दोघांना पुरत होती.

तपासनीस परत आला. त्रिकोणापुढे उभा राहिला. दोन पावलं मागे गेला, तिथूनही बघितलं.

"रंग ओला आहे," तो म्हणाला.

"पळवू द्या तिला," पेंटर म्हणाले. "वाऱ्यानं वाळेल."

गर्दीत हशा पिकला. तपासनीस हसला नाही, पण त्यानं पेन कागदावर फिरवलं आणि हातानं टेकडीकडे खूण केली. मागच्या गाडीचा ड्रायव्हर पेंटरना विचारू लागला, माझ्या दारावरचा आकडा रंगवून द्याल का, माझं स्टिकर सुटत चाललंय. पेंटर त्याला म्हणाले, "थांब रे. आधी सून जाऊ दे."

ती आत बसली, पट्टा आवळला, किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात पेटलं. निशाण पडलं आणि गाडी सुटली, मागे धुराचा लोट टाकून. त्या धुरात, हातात ब्रश घेऊन, म्हातारा चार पावलं गाडीमागे धावला आणि आयुष्यभर प्रत्येक नव्या पाटीखाली उभं राहून ओरडला होता तसा ओरडला, "हात लावू नका रे कुणी! ओला आहे!"